थांबण्यासाठीचं जॅकेट

फेदर, म्हणजे पिसं भरलेलं, जॅकेट माझ्याकडे होतंच. स्पिती-लडाखच्या कोरड्या थंडीत त्याला तोड नाही, हे मान्य करूनच मी दुसऱ्या, सिंथेटिक भरणाच्या जॅकेटच्या शोधाला लागले. कारण आम्ही मे महिन्यात जाणार होतो ते सोलंग खोऱ्यात, फ्रेंडशिप शिखरावर, आणि मनालीकडचा मे म्हणजे जितका बर्फाचा तितकाच पाण्याचा. मध्यरात्रीनंतर निघताना उणे आठ-दहा, सकाळी दहाला डोळे दिपवणारं ऊन आणि पायाखाली भुसभुशीत ओला बर्फ, दुपारी ढग चढले की कधी गारा, कधी बर्फ, कधी चक्क पाऊस. शिखर ५,२८९ मीटरचं. हिमालयाच्या हिशेबात मध्यम उंचीचं. पण आमच्यात दोघं नवखे होते, म्हणजे तीव्र उतारांवर रोप लावणं आलं, आणि रोप आला की एकाने चढायचं, दुसऱ्याने उभं राहून त्याचा रोप सांभाळायचा. याला बिले देणं म्हणतात. म्हणजे थांबणं आलंच.

उणे पंधराला पडणारा बर्फ कोरडा असतो. खांद्यावरून झटकला की संपलं. शून्याच्या आसपास पडणारा अंगावर बसतो आणि तिथेच वितळतो. मग पिसं भिजतात, एकमेकांना चिकटतात आणि जॅकेटचा फुगवटा बसतो. ऊब पिसांची नसतेच, पिसांमध्ये अडकून राहिलेल्या हवेची असते, त्यामुळे फुगवटा गेला की जॅकेट म्हणजे नुसतं कापड. पॉलिएस्टरचा धागा पाणी शोषत नाही. ओला झाला तरी त्याचा ताठपणा बराचसा टिकतो, म्हणून मधली हवाही टिकते. अमेरिकी सैन्याला भिजल्यावर निकामी न होणारा पिसांचा पर्याय हवा होता, त्यातून १९८०च्या दशकात प्रायमालॉफ्ट हे पॉलिएस्टरचं भरण आलं. आज बाजारात त्याची डझनभर भावंडं आहेत. ‘ओलं असतानाही उबदार’ ही त्यांची जाहिरात मात्र मी अर्धीच घेते. ओलं सिंथेटिक जॅकेटही गारच लागतं. फरक इतकाच की ते अंगावरच वाळतं, आणि ओलं पिसांचं जॅकेट तंबूत दोन दिवस लोळत पडतं.

याची किंमत मोजावी लागतेच. तेवढ्याच उबेला सिंथेटिक जड भरतं, सॅकमध्ये जागा जास्त खातं आणि आयुष्यही कमी. हे सगळं माहीत असूनही माझी यादी लांबतच चालली होती. साठ ग्रॅमवालं, शंभरवालं, श्वास घेणारं, वारा अडवणारं. शेवटी आमच्या लीडरने, ज्याला क्लबात लहानथोर सगळे दादाच म्हणतात, मला फोनवर थांबवलं.

“चढताना अंगात काय असतं तुझ्या?”

“आत बेस लेयर, पातळ फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं शेल.”

“थंडी वाजते?”

“नाही. उलट घाम येतो.”

“मग जॅकेट कधी घालणार?”

“बिले देताना. स्टेशनवर, रोप पक्का केलेल्या जागी, उभी असताना.”

“मग थांबायचं जॅकेट बघ की. चढायचं कशाला बघतेस?”

एवढ्याने यादी निम्मी झाली. हलक्या सिंथेटिक जॅकेटांची दोन वेगळी घराणी आहेत आणि दुकानात ती एकाच दांडीवर टांगलेली असतात. पहिलं घराणं अंगात ठेवून चढण्याचं. पोलारटेक अल्फा या भरणाचा जन्मच अमेरिकी सैन्याच्या खास तुकड्यांसाठी झाला, कारण जवान धावतात, मग तासभर दबा धरून बसतात आणि मधे कपडे बदलायला वेळ नसतो. त्याची वीण मोकळी असते, घामाची वाफ बाहेर जाते. आर्कटेरिक्सच्या अ‍ॅटममध्ये ६० ग्रॅमचं भरण आणि काखेखाली फ्लीसच्या पट्ट्या, हेतू तोच. छान जॅकेटं आहेत, पण वारा सुटला की जिथून वाफ बाहेर जाते तिथूनच गारठा आत येतो. आणि हे काम माझं जुनं फ्लीस फुकटात करतच होतं.

दुसरं घराणं बिले जॅकेटचं. ते शेलच्याही वरून, हार्नेसच्या, म्हणजे रोप अडकवायच्या कमरेच्या पट्ट्याच्याही वरून चढवायचं. आतलं काहीही काढायचं नाही, थांबलात की वरून ओढायचं, निघालात की काढून सॅकमध्ये. पॅटागोनियाच्या या प्रकारातल्या जुन्या पार्क्याचं, म्हणजे हूडवाल्या जाड जॅकेटचं, नाव डीएएस, म्हणजे ‘डेड एअर स्पेस’. अडकून पडलेली, हालचाल न करणारी हवा. नावातच सगळं सांगून टाकलंय.

मग आकडे. इथे लोक हमखास गोंधळतात. ‘६० ग्रॅम’ हे जॅकेटचं वजन नसून आतल्या भरणाचं, दर चौरस मीटरला, असतं. त्याच कंपनीच्या नॅनो पफमध्ये ६० ग्रॅमचं प्रायमालॉफ्ट गोल्ड असतं आणि अख्खं जॅकेट साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. आताच्या डीएएस पार्क्यात भरण १३३ ग्रॅमचं आणि जॅकेट साडेपाचशेच्या घरात. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. दहा डेनियरचं कापड हातात घेतलं की कांद्याच्या पापुद्र्यासारखं वाटतं, आणि बर्फात रुतवायचे आइस स्क्रू व बुटांखाली बांधायच्या क्रॅम्पॉनच्या दातांशेजारी ते किती टिकेल हे सांगायला तज्ज्ञ नको. मी वीसच्या खाली जायचं नाही असं ठरवलं. ‘क्लो’ हे उबेचं माप १९४१ सालचं. साधारण २१ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखाचं वाटेल इतकी ऊब म्हणजे एक क्लो, साधारण एका सुटाएवढी. मी बर्फावर सूट-बूट घालून स्वस्थ बसणार नव्हते, त्यामुळे या आकड्याचा उपयोग दोन कापडांची तुलना करण्यापुरताच.

लेबलवरच्या ‘उणे १०’ला तर मी कानाडोळाच केला. तो आकडा चालणाऱ्या माणसासाठी की उभ्या, वारा धरून की सोडून, आत किती कपडे, हे लेबलवर असलंच तर अगदी बारीक अक्षरात असतं.

भरणाच्या धाग्यातही दोन जाती आहेत. प्रायमालॉफ्टसारख्यात धागे आखूड आणि बारीक असतात. मऊ, दाबले की छोटे होतात, पण सुटे पडू नयेत म्हणून जागोजाग शिलाई मारावी लागते, आणि शिलाईच्या रेषेत भरण दबून तिथून थंडी शिरते. क्लायमाशील्ड एपेक्समध्ये धागा अखंड असतो, शिलाई जवळपास लागत नाही, फुगवटा वर्षानुवर्षं टिकतो. मात्र हाताला जरा राठ, आणि घडी करताना हट्टी. मला अखंड धागा जास्त पटला होता, पण माझ्या मापात आणि माझ्या पैशात तो मिळेना. म्हणून आखूड धागा, पण शिलाईच्या ओळी कमीत कमी, इथे मी तडजोड केली.

भरण किती घ्यायचं हे मात्र कागदावर सुटेना. साठचं एक जॅकेट क्लबातल्या मैत्रिणीकडे होतं, जाड पार्का दादाकडे. दोन्ही उसनी आणली. पण नाशिकला फेब्रुवारीच्या दुपारी बिले जॅकेटची परीक्षा घेणार कशी? मामाचं पिंपळगावला द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे. सीझन जोरात होता, खोलीत एक-दोन अंश तापमान आणि पंखे सुरू. मामाला आधी चेष्टा वाटली.

“अगं, द्राक्षांना बरं असतं ते. तुला न्यूमोनिया झाला तर तुझ्या आईला मी काय सांगू?”

“अर्ध्या तासाने दार वाजव. एवढंच कर.”

बाहेर पायऱ्यांवर खालीवर करून मुद्दाम घाम काढला, कारण डोंगरावर माणूस कोरडा थांबत नाही. मग आत जाऊन क्रेटांच्या भिंतीपाशी, पंख्याच्या झोतात, बिले देताना उभं राहतात तशी उभी राहिले. साठच्या जॅकेटात पहिली काही मिनिटं मजेत गेली. मग पाठीवरचा घाम गार झाला, खांदे आपोआप वर आले, आणि मामाने दार वाजवलं तेव्हा दात वाजत होते. दुसऱ्या दिवशी जाड पार्का. त्यात इतकं सुख होतं की मी क्रेटवरची लेबलं वाचत बसले. पण तो गुंडाळल्यावर तीस लिटरच्या सॅकचा तिसरा हिस्सा खाई, आणि शिखराच्या दिवशीच्या सॅकमध्ये पाणी, खाणं, रोप, स्क्रू सगळंच जायचं होतं. तेव्हा मधलं, शंभरच्या आसपासचं. कामगार मात्र मामाला अजून विचारतात, ती भाची बरी आहे ना.

माप घ्यायला पुण्याच्या दुकानात हार्नेस, हेल्मेट आणि जाड हातमोजे घेऊन गेले. दारावरच्या काकांनी पिशवी उघडून बघितली आणि काही न बोलता मिटली. बायकांच्या मापाची जॅकेटं कमरेत आवळलेली. फ्लीस आणि शेलवरून घातली की बटाट्याच्या पोत्यासारखी ताणली जात, म्हणजे भरण दबून ऊब गेली. मी पुरुषांच्या विभागात गेले. “मॅडम, गिफ्टसाठी का?” मुलाने विचारलं. हेल्मेट घालून वर हूड ओढला आणि मान डावी-उजवीकडे वळवून पाहिली. काही जॅकेटांत हूड मानेबरोबर वळतच नव्हता, मी कापडाच्या आतल्या बाजूला बघत उभी. आइस अ‍ॅक्स मारल्यासारखे दोन्ही हात वर केले. जॅकेट हार्नेसमधून निसटून पोटापर्यंत आलं की ते बाद. हातमोजे घालून झिप ओढली. चिमुकल्या टोकाची झिप असेल तर त्यात दोरीचं वेटोळं बांधता येतं, त्यामुळे त्यावरून कुठलं बाद केलं नाही. पण झिप खालूनही उघडायला हवी, यावर अजिबात तडजोड नाही. जॅकेट हार्नेसवरून असतं, आणि बिलेचं साधन लावायचा हार्नेसचा पुढचा बिले लूप मोकळा राहायचा तर झिप खालून वर सरकलीच पाहिजे. हाताचे खिसे हार्नेसच्या पट्ट्याच्या वर असावेत, आणि आत जाळीचा एक मोठा खिसा. तो खिसा ओल्या हातमोज्यांसाठी.

दुकानात जे आवडलं त्याची किंमत वीस हजारांच्या पुढे होती. तेच मॉडेल तिकडे थंडी संपतानाच्या सेलमध्ये बरंच उतरतं, आणि माझा मावसभाऊ मार्चअखेर न्यू जर्सीहून येणार होता. पुरुषांचं मीडियम, हे माप पक्कं होतं म्हणूनच हे धाडस. नाहीतर समुद्रापारचं जॅकेट बदलून कोण आणणार? स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर कंपनीने लिहिल्यापेक्षा वीस-बावीस ग्रॅम जास्त, चारशे सत्तर. आईने काटा पुसून घेतला. मग बाथरूममध्ये त्याची एक बाही नळाखाली धरली, पिळली आणि घालून बसले. गार लागली, पण तासाभरात नुसती दमट उरली.

बियासकुंडाच्या वरच्या कॅम्पवरून आम्ही रात्री दीडला निघालो. जॅकेट सॅकच्या तोंडाशी, कारण तळाशी ठेवलेलं जॅकेट कोणी वेळेवर काढत नाही. कड्याखालच्या कठीण बर्फावर दादा पुढे गेला, आणि अँकर, म्हणजे रोपाचा पक्का आधार, लावायला त्याला बराच वेळ लागला. मी पोचल्या पोचल्या, थंडी वाजायच्या आधी, जॅकेट चढवलं. हे सगळ्यात महत्त्वाचं. एकदा कुडकुडायला लागलं की कितीही जाड जॅकेट गेलेली ऊब परत आणत नाही, ते फक्त असलेली धरून ठेवतं. चढवण्याआधी त्याच्या हुकात कॅरॅबिनर, म्हणजे उघडझाप होणारी छोटी कडी, अडकवून तो हार्नेसला लावला होता. अशा उतारावर वाऱ्याने उडालेलं जॅकेट परत मिळत नाही. झिप खालून बितभर उघडली, रोप बिले डिव्हाइसमधून सरकत राहिला. वर शेंगदाण्याच्या लाडवाचा तुकडा खायलाही हात मोकळा होता.

शिखरावरून उतरताना ढगांनी गाठलंच. आधी गारा, मग चिकट बर्फ. नवख्यांना एकेक करून खाली सोडायचं होतं, म्हणून खूप वेळ उभं राहावं लागलं. खांदे आणि हूड भिजले, बाकीच्या कापडावरून पाणी मण्यांसारखं घरंगळत होतं. पाय गारठले, हातांची बोटं बधिर झाली, पण धड उबदार होतं आणि डोकं नीट चालत होतं, म्हणजे गाठी बरोबर पडत होत्या. आमच्यातला एक फेदर घालून होता. कॅम्पवर त्याने जॅकेट काढलं तेव्हा खांद्याशी पिसांचे गोळे हाताला लागत होते. माझं रात्री स्लीपिंग बॅगमध्ये अंगावरच घालून झोपले, सकाळी कोरडं. बॅगेत थोडा दमटपणा उतरला हेही खरं.

घरी आल्यावर मी ते पिशवीत कोंबून ठेवत नाही, कपाटात हँगरला टांगते. गादीचा कापूस बसला तर पिंजारी तो पिंजून परत फुगवून देतो. पॉलिएस्टरचा फुगवटा एकदा गेला की त्याला पिंजारी नाही. धुताना पुढून दार असलेलं मशीन, साधा द्रव साबण, कंफर्ट-बिंफर्ट काही नाही, कारण त्याने कापडावरचा पाणी झटकणारा थर मरतो. इस्त्रीचं तर नावही नको. खांद्यांवर, जिथे सॅकचे पट्टे येतात तिथे, भरण आताच थोडं पातळ वाटतं. आणखी काही मोसमांनी ते बिले जॅकेट राहणार नाही, कॅम्पवर चहा पिण्याचं जॅकेट होईल.

साठवालं जॅकेट उसनं देणारी मैत्रीण या जानेवारीत स्पितीतल्या काझाकडे गोठलेल्या धबधब्यांवर चढायला चालली आहे. तिने माझं मागितलं. मी तिला माझं फेदर दिलं. तिथे उणे वीस असेल आणि हवेत ओलावा नावाला, तिथे माझं हे चारशे सत्तर ग्रॅम अपुरं पडेल. मात्र खालून उघडणारी झिप त्या फेदरला नाही, हे तिला दोनदा सांगितलंय.