द्रुतगती मार्गाचा टोल आणि फिटलेल्या खर्चाचा प्रश्न

कळंबोलीहून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने पुण्याकडे निघालेल्या मोटारीत ‘या रस्त्याचा खर्च अजून वसूल झाला नाही का?’ हा प्रश्न हमखास निघतो. प्रश्न रास्त आहे. मात्र ज्या करारावर हा टोल चालतो, त्यात वसूल झालेल्या खर्चाला काही स्थानच नाही.

सार्वजनिक-खासगी भागीदारी म्हटली की आपल्याला ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ ही पद्धत आठवते. हा द्रुतगती मार्ग तसा झाला नाही. राज्य रस्ते विकास महामंडळाने कर्ज उभारून तो बांधला, २००२ मध्ये तो पूर्ण खुला झाला आणि खासगी भागीदार त्यानंतर, २००४ मध्ये आला. आयआरबी या रस्तेबांधणी समूहाच्या कंपनीने ९१८ कोटी रुपये एकरकमी देऊन १५ वर्षांची टोलवसुली आणि जुन्या मुंबई-पुणे महामार्गासह देखभालीची जबाबदारी घेतली. ती मुदत २०१९ मध्ये संपल्यावर, २०२० मध्ये त्याच समूहाने ८,२६२ कोटींना २०३० पर्यंतचे हक्क मिळवले.

थोडक्यात, महामंडळाने पुढच्या वर्षांचे उत्पन्न आधीच विकले. वाहने कमी आली तर तोटा कंपनीचा आणि अपेक्षेहून अधिक आली तर नफाही तिचाच. दरवाढही आधीच ठरलेली आहे, दर तीन वर्षांनी सुमारे १८ टक्के. त्यानुसार एप्रिल २०२३ मध्ये मोटारीचा टोल २७० रुपयांवरून ३२० झाला. या रीतीत मूलतः गैर काही नाही, कारण अडकलेला पैसा मोकळा होऊन दुसऱ्या कामाला लागतो. परंतु विक्रीची किंमत ज्या वाहतूक-अंदाजावर ठरते, तो कमी धरला गेला तर हक्क स्वस्तात विकले जातात आणि त्याची किंमत शेवटी जनतेलाच मोजावी लागते.

करार झाल्यावर सवलत मागणे महाग पडते. शीव-पनवेल मार्गावरील खारघरचा टोलनाका जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाला आणि आंदोलनांनंतर त्याच वर्षी लहान वाहनांना सूट मिळाली. आम्हा खारघरकरांची सोय झाली, हे खरे. परंतु अशी सूट दिली की बुडालेल्या उत्पन्नाच्या भरपाईचा प्रश्न सरकारपुढे उभा राहतो, म्हणजे टोल खिशातून न जाता तिजोरीतून जातो.

म्हणून वाद घालायचा तर तो निविदेपूर्वी घालावा. २०३० नंतरचे हक्क पुन्हा विकायचे ठरले, तर वाहनगणना आणि उत्पन्नाचा अंदाज महामंडळाने आधी जाहीर करावा, अशी मागणी पनवेल-खारघरच्या रहिवासी संघटनांनी आतापासूनच लेखी नोंदवायला हवी.