माझे बाबा आचारी होते

पुस्तकाची प्रूफ कॉपी, म्हणजे तपासायची पहिली प्रत, हातात आली की मी आधी कणा बघतो. १६४ पानं, ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद, म्हणजे कणा जेमतेम आठ मिलिमीटरचा. त्यावरचं नाव जरा सरकलं तरी मुखपृष्ठावर जातं. माईंच्या पुस्तकाचं नाव बरोबर मधोमध बसलं होतं. आतला समासही पुरेसा होता, पुस्तक ताणून न उघडता ओळ शेवटपर्यंत वाचता येत होती. मी खूश होऊन प्रत डिकीत टाकली आणि रामबागेत माईंकडे गेलो.

माई ८१ वर्षांच्या. त्यांचे वडील इंदुरात लग्नामुंजींचा स्वयंपाक करायचे. चुलाणावर कढया कशा चढायच्या, पंगत बसायच्या आधी बाबा मठ्ठा स्वतः कसा चाखून बघायचे, असं सगळं माईंनी तीन वह्यांत लिहून ठेवलं होतं. नातीने पुण्याहून टाइप करून पाठवलं, मी पानं लावली. प्रकाशकाकडे जायचं नाही हे माईंचं आधीच ठरलेलं. "मला चाळीस प्रती पुरेत. पाचशे छापून माळ्यावर ठेवू का?" म्हणून प्रिंट ऑन डिमांड. मागणी येईल तेवढ्याच प्रती छापायच्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, माईंच्याच नावाने घेतला. राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सी तो फुकट देते, कागदपत्रं तेवढी नीट लागतात. 'प्रकाशक' या शब्दापुढे स्वतःचं नाव बघून माई बराच वेळ गप्प होत्या.

त्या दिवशी त्यांनी भिंग घेतलं आणि मधलंच एक पान उघडलं. पान ३७. थोडं वाचलं, मग मागे जाऊन पुन्हा वाचलं.

"हे काय लिहिलंय रे? 'आचार्यांच्या हाताला चव होती'?"

मी वाकून बघितलं. खरंच 'आचार्यांच्या' होतं. खाली 'वर्हाडी', शेजारच्या पानावर 'पायर्या', 'दुसर्या पंगतीला'. पुस्तकभर तेच.

"माझे बाबा आचारी होते," माई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण भिंग खाली ठेवलं होतं. "हातावर भट्टीचे डाग होते त्यांच्या. लोक त्यांना आचारी म्हणायचे आणि त्यांना त्यात कधी कमीपणा वाटला नाही. तू त्यांना आचार्य कशाला केलंस?"

चूक माझीच होती, आणि कुठे झाली तेही मला तिथल्या तिथे कळलं. नातीच्या कीबोर्डवर 'आचाऱ्या'तला आडवा र हा र, हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं एक चिन्ह) असा उमटत होता. हा जॉइनर डोळ्यांना दिसत नाही. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या मजकुरात अशी न दिसणारी चिन्हं पुष्कळ असतात, ओळी भलतीकडे तुटतात, म्हणून पानं लावायच्या आधी ती सगळी एका फटक्यात काढून टाकायची माझी सवय. जॉइनर गेला की आडवा र उरत नाही, त्याचा रफार होतो, म्हणजे तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. मी दिवसभर जास्त करून हिंदीचं काम करतो. हिंदीत हा र लागत नाही, त्यामुळे इतकी वर्षं या सवयीने काही बिघडलं नव्हतं.

प्रिंट ऑन डिमांड सेवेच्या तपासणीत फाइल पहिल्या फटक्यात पास झाली होती. पानाचा आकार, समास, फॉन्ट फाइलीतच बसवलेत का, चित्रं पुरेशी स्पष्ट आहेत का, एवढंच तिथे बघतात. छपाईचे खिळे हाताने जुळवायचे त्या काळात मुद्रितशोधक असायचा, त्याने पहिल्याच गॅलीवर, म्हणजे तपासायला काढलेल्या कागदावर, लाल रेघ मारली असती. इथे लेखिका आणि छपाईयंत्र यांच्यामध्ये फक्त मी होतो, आणि मी समास बघत बसलो होतो.

लॅपटॉप माईंच्याच जेवणाच्या टेबलावर लावला. 'र्ह' ७४ ठिकाणी होता. वऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा. सगळे आडव्या र चेच, ते सरसकट बदलले. 'र्य' मात्र ४३८. तिथे सरसकट बदल केला तर 'सूर्य' आणि 'मर्यादा' बिघडले असते. मी शब्द मोठ्याने वाचायचो, माई सांगायच्या. 'आचार्य' म्हणताना 'चा'वर जोर येतो, 'आचाऱ्याला' म्हणताना येत नाही. जोर आला तर रफार ठेवायचा, नाही आला तर आडवा र. यावेळी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडला. त्यात लपलेलं काही नसतं, त्यामुळे साफसफाईत ते निसटत नाही.

एका वाक्याशी दोघंही अडलो. 'पाठशाळेचे आचार्य पंगतीत बसले आणि त्यांनी आचार्याच्या हातची पोळी मागून घेतली.' माईंनी वही काढायला लावली. त्यांचा आडवा र विळ्यासारखा, पुढच्या अक्षराच्या पोटाखाली शिरलेला. पहिल्या शब्दावर रफार होता, दुसऱ्यात विळा.

"मागून घेतली, बघ," माई म्हणाल्या. "आचार्यांनी."

शेवटी खरे रफार ६१ निघाले. ऑफसेटवर पाचशे प्रती छापल्या असत्या तर सगळ्या रद्दीत गेल्या असत्या. इथे एकच प्रत वाया गेली, आणि तीही माईंनी मला परत दिली नाही.

घरी येऊन फाइल चढवली. रात्री अकराला आठवलं, मुखपृष्ठाची फाइल वेगळी असते. उठून उघडली. मलपृष्ठावरची पहिलीच ओळ होती, 'इंदूरच्या एका आचार्याच्या मुलीने लिहिलेली...'

तो एक र बदलला आणि वाक्य मोठ्याने वाचून बघितलं. नवी प्रूफ कॉपी आठ दिवसांनी आली. पाकीट न फोडता माईंकडे नेलं, आणि भिंग शोधायला मीच उठलो.