सहा इंची डिस्क आणि गगनबावड्याचं भाडं

जुलैतली गोष्ट. पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकायला आलेली, सकाळपासून राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती चढलं एवढाच विषय, आणि दुकानात गिऱ्हाईक म्हणून नाही. सांगली फाट्याजवळ माझं टायरचं दुकान आहे. अशा दिवशी एक टोइंगची पिकअप दारात येऊन उभी राहिली. मागे क्रेनचा दांडा, दांड्याला चिखल, आणि चाकं अशी दांडगी की लांबून ट्रॅक्टरच वाटावा.

पोरगा तिशीतला. उतरल्या उतरल्या म्हणाला, "मालक, गाडी डोलतीया. रिकामी असली की सरळ जाती. मागं गाडी लटकवली की साप झालीच."

परवा रात्री साळवणच्या पुढे एका वळणावर गाडीची शेपटी बाजूला गेली होती. मागे कोणाची तरी नवी कार लटकलेली, वरून पाऊस. कसाबसा सावरला. मग शॉकअप बदलले, अलायनमेंट दोनदा केली, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यात एक पान वाढवलं. डोलणं तसंच.

खरं सांगतो, मीही आधी अलायनमेंटलाच घेतली. तासभर त्यात गेला. सगळं जागेवर होतं. मग खाली बसून टायरच्या बाजूचे आकडे वाचले, जे आधीच करायला हवं होतं. 31×10.50 आर15. म्हणजे उंची 31 इंच, रुंदी साडेदहा, डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढवतात ते लोखंडी चाक, 15 इंची. मूळ टायर होता 215/75 आर15, म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर. चाक काढून डिस्क उलटी केली. आतल्या अंगाला ठोकलेलं होतं: 15×6जे. खात्रीसाठी काठापासून काठापर्यंत मापही घेतलं. सहा इंचच.

साडेदहाच्या या टायरला डिस्क लागते सात ते नऊ इंच रुंद. कंपनी त्याची रुंदी मोजते तीच मुळी साडेआठच्या डिस्कवर. हा बसवला होता सहावर. बसतो, त्यात शंका नाही. 15 च्या डिस्कवर 15 चं टायर बसणारच, हवा भरली की टाळीसारखा आवाज होऊन काठ धरणार, आणि गिऱ्हाईक खूश. मीसुद्धा धंद्याच्या सुरुवातीला असली जोडपी लावून दिली आहेत, उगाच शहाणपणा सांगत नाही.

पण काठ जवळ ओढले की टायर मधून फुगतं आणि बाजू ढिल्या, गोल होतात. डिस्क अर्धा इंच कमी केली की टायरची रुंदी साधारण पाच मिलिमीटर घटते. इथं अडीच इंचांचा फरक. टेप लावला तर जेमतेम 24 सेंटिमीटर भरलं. मोजले पैसे साडेदहा इंचांचे, हातात आलं साडेनऊ.

"हवा किती पाउंड ठेवतोस?"

"35."

"का रं? बाजूला 50 लिहिलंय की."

"50 भरली की मधलीच नक्षी घासती. म्हणून कमी केली."

इथं मला सगळं कळलं. पोराला शेडमधल्या कोरड्या फरशीवर खडू घेऊन बोलावलं. 50 भरून नक्षीवर आडवी पांढरी रेघ मारली, गाडी दोन वेटोळे पुढे ढकलली. मधला खडू पुसला गेला, दोन्ही कडांचा जसाच्या तसा. म्हणजे त्याचं म्हणणं खरं होतं. पण दोष हवेचा नव्हता, अरुंद डिस्कचा होता. त्यानं हवा कमी करून नक्षी वाचवली आणि बाजू आणखी ढिल्या केल्या.

दुपारी पाऊस उघडला तसं त्याला शिरोली एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर नेलं. दारात टायर बदलायला आलेली एक कार होती, मालकाला विचारून तीच मागे लटकवली. आधी पिकअपची फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. मोकळी असताना पुढं 1000 किलो, मागं 990. कार उचलल्यावर पुढं 710, मागं 1780. कारचं पुढचं टोक पाचशेच्या आसपास भरलं, पण मागच्या चाकांवर वजन वाढलं 790. बाकीचं पुढच्या चाकांवरून सरकून आलं. गाडीचं स्टेअरिंग हलकं का पडतं ते पोराला तिथं काट्याच्या पडद्यावर दिसलं.

1780 चे दोन भाग म्हणजे एका टायरवर 890. या टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे किती वजन पेलतं ते सांगणारा बाजूवरचा आकडा, 109, म्हणजे 1030 किलो, पण तो 50 हवेला. 35 ला तेच टायर आठशेच्या आसपास पेलतं. रोज त्यावर नव्वदेक किलो जादा, आणि तेही घाटात.

दुकानात येऊन मागचं एक टायर उतरवलं. आतून काळा चुरा सांडला, मूठभर. आतल्या भिंतीला गोल पट्टा झिजलेला, बोट फिरवलं की काळं. पोरगा त्याच्याकडे बघत राहिला.

तरी म्हणाला, "मग आठ इंची डिस्क टाकूया की. टायर हेच राहू दे. भारी दिसतंय."

दिसतंय, हे खरं. पण आठ इंची डिस्क चाक बाहेर काढते, बेअरिंगवर ताण वाढतो, स्टेअरिंग पुरं वळवलं की मडगार्ड घासतं. शिवाय उंचीचं काय? मूळ टायर सत्तर सेंटिमीटरचं, हे सत्याहत्तरच्या वर. दहा टक्के. इंजिनची ओढ तेवढी कमी. "घाटात पूर्वी दुसऱ्यावर चढत होतास, आता पहिला टाकतोस न्हवं?" तो हसला. टाकत होता.

एवढं सांगूनही मन तयार होईना. मग सहज विचारलं, "भाडं कसं घेतोस?"

"किलोमीटरवर. मीटर बघून."

"गगनबावडा किती पडतं?"

"50."

"55 आहे, भावा."

चाक मोठं झालं की एका वेटोळ्यात गाडी जास्त पळते, पण मीटर जुन्याच चाकाच्या हिशेबानं मोजतो. गेलं वर्षभर हा प्रत्येक खेपेला पाच किलोमीटर फुकट ओढत होता. वर डिझेलचा ॲव्हरेज पडला म्हणून पंपवाल्याला शिव्या. साळवणच्या वळणानं, वजनकाट्यानं, मूठभर चुऱ्यानं जे झालं नाही, ते या पाच किलोमीटरनं झालं. मोबाईल काढून हिशेब करत बसला. बेरीज किती आली ते सांगितलं नाही, पण पायानंच मोठ्या टायरला एक लाथ घातली.

शेवटी 235/75 आर15 ठरलं, मालवाहू बांधणीचं, लोड इंडेक्स 110, म्हणजे एकावर 1060 किलो. त्याला डिस्क सहापासून आठपर्यंत चालते. सहा अगदी कडेची, पण मापात. माल दुसऱ्या दिवशी आला. चारही बसवली, हवा भरली, परत खडू. या वेळी रेघ कडेपासून कडेपर्यंत पुसली. तीच कार पुन्हा लटकवून हायवेवर एक चक्कर मारली. मी शेजारी बसलो होतो. साठला हात ढिला सोडून त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, रस्त्याकडं बघ.

जुनी टायरं विकतो म्हणाला. मागची दोन मी करवतीनं कापूनच दिली. कोणीतरी घेतली असती.

बिल देताना विचारतो, "मालक, मीटर आता किती खोटं बोलणार?"

"चार टक्के. गगनबावड्याला दोन-सव्वादोन किलोमीटर."

"मग किलोमीटरचा दर तेवढा वाढवतो," म्हणाला, आणि पाच-दहाच्या नोटा मोजायला लागला.