जिम्मामधील दहा दिवस आणि दोन घड्याळे

परळच्या एका रुग्णालयात लहान मुलांच्या शस्त्रक्रिया विभागात मी सोळा वर्षे सिस्टर म्हणून काम करते. दुभंगलेला ओठ आणि टाळू यांच्या मोफत शस्त्रक्रियांच्या शिबिरासाठी नोव्हेंबर 2024मध्ये मी इथिओपियातील जिम्मा येथे दहा दिवस जाऊन आले. आता वॉर्डातल्या तीन-चार जणी जाण्याचा विचार करत आहेत आणि प्रत्येकीला वेगळे सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढलेले बरे, म्हणून हा खटाटोप.

तयारीला निदान तीन महिने हाताशी ठेवावेत. माझा रजेचा पहिला अर्ज कार्यालयात कुठल्याशा फायलीखाली गडप झाला. दुसरा मी पोच घेऊनच दिला, आणि तुम्हीही तसेच करावे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना, मुलांच्या जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मुदतीत आहे ना, हे आयोजक सर्वांत आधी पाहतात. पीतज्वराची लस मात्र कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि तिचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते. हे पिवळे कार्ड जाताना जितके लागते त्याहून अधिक परत येताना लागते, कारण ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. जिम्मा समुद्रसपाटीपासून सुमारे सतराशे मीटरवर असल्यामुळे हवा थंड, पण हिवताप तिथे आहे. प्रतिबंधक गोळ्यांविषयी आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे.

मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान जाते आणि तिथून नैऋत्येला जिम्माला छोटे विमान मिळते. प्रवासाविषयी याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

पहिला दिवस तपासणीचा. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी जुना ‘दहाचा नियम’ अजून कामाला येतो: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो आणि हिमोग्लोबिन दहा. टाळूसाठी मूल त्याहून मोठे असावे लागते. त्या दिवशी सर्वांत जड काम म्हणजे ज्यांचे वजन भरत नाही किंवा ज्यांना सर्दी-खोकला आहे अशा मुलांच्या आयांना परत पाठवणे. दोन दिवस चालत आणि बसने आलेल्या बाईला ‘पुढच्या वेळी’ असे सांगताना दुभाष्याचा आवाजही खाली गेला. अशा बाळाला दूध कसे पाजायचे, बसते कसे धरायचे, लांब चोचीच्या चमच्याने किती थोडे द्यायचे, हे त्याच ठिकाणी अर्धा तास बसून शिकवावे. रिकाम्या हाताने कोणालाही पाठवू नये.

नावांचा घोळ मला इतरांपेक्षा लवकर उमगला, कारण आपल्याकडेही वडिलांचे नाव मधे येते. इथिओपियात आडनाव नसते; मुलाच्या नावापुढे वडिलांचे आणि त्यापुढे आजोबांचे नाव येते आणि लग्नानंतर बाई आपले नाव बदलत नाही. त्यामुळे आई आणि मूल यांच्या नावांत काहीच सारखे नसते, आणि शेजारच्या खाटेवरच्या दोन मुलांच्या वडिलांचे नाव मात्र एकच निघू शकते. म्हणून नावावर कधीही विसंबू नये. आई आणि मूल दोघांच्या मनगटावर एकच क्रमांक बांधावा आणि दर वेळी तोच वाचावा. जन्मतारखेचेही तसेच. एका कार्डावर जन्मवर्ष 2016 लिहिले होते आणि खाटेवर वर्षाचेही न झालेले बाळ रांगत होते! तिथले पंचांग आपल्या इंग्रजी वर्षाच्या सात-आठ वर्षे मागे चालते आणि त्यात तेरा महिने असतात. म्हणून वय आईला विचारावे आणि औषधाचा डोस त्याच दिवशी केलेल्या वजनावरच काढावा. पॅरासिटामॉलच्या बाटल्यांची तीव्रताही निरनिराळी असते, तेव्हा मिलिग्रॅमचे मिलिलिटर करताना हातात बाटली धरावी आणि आकडा दुसरीकडून तपासून घ्यावा.

खरी फजिती झाली ती घड्याळाची. तिथे दिवस सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात ते त्यांचा एक, आणि संध्याकाळी सातला रात्रीचा एक. उपाशीपोटी ठेवण्याचा नेम आपल्यासारखाच आहे: हलके अन्न सहा तास आधी, आईचे दूध चार तास आधी, साधे पाणी दोन तास आधी थांबवायचे. सकाळी आठच्या पहिल्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही खाटेच्या कागदावर ‘दूध 4 पर्यंत’ असे लिहिले. दुभाषी तेव्हा दुसऱ्या टोकाला होता. आईने तो चार रात्रीचा चार, म्हणजे आपले रात्रीचे दहा, असा वाचला आणि बिचारीने रडणाऱ्या बाळाला रात्रभर अंगावर घेतले नाही. सकाळी बाळाचे ओठ सुकलेले, शीर सापडेना. आम्ही त्याला साखरपाणी पाजले आणि यादीत मागे टाकले. त्या संध्याकाळपासून प्रत्येक कागदावर दोन्ही वेळा लिहू लागलो आणि तिथल्या रात्रपाळीच्या सिस्टरनेच आयांना शेवटच्या दुधासाठी उठवावे असे ठरले. हा उपाय तिनेच सुचवला होता, आम्ही नव्हे.

शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डात टाळूच्या मुलांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. मूल कुशीवर ठेवावे, तोंडात कडक नळी घालू नये आणि टाके ओढू नयेत म्हणून कोपरांना पट्टी बांधावी. ती आम्ही जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या कापसात गुंडाळून बनवली. तिसऱ्या रात्री एक चार वर्षांची मुलगी शांत झोपलेली दिसत होती, उशीवर डाग नव्हता, यंत्रावर ऑक्सिजन 95 होता, जो त्या उंचीवर चालण्यासारखा आहे. पण ती झोपेतच सारखे गिळत होती. टॉर्च लावून पाहिले तर घशात मागे रक्त उतरत होते. सर्जनना उठवले आणि वीस मिनिटांत ती पुन्हा टेबलावर होती. यंत्र काय दाखवते ते पाहाच, पण मूल गिळते कसे तेही पाहा. त्यासाठी चांगला टॉर्च आणि जास्तीचे सेल स्वतःचे न्यावेत.

खाण्याची काळजी शाकाहारी मंडळींनी फारशी करू नये. बुधवारी आणि शुक्रवारी तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपवास असतो आणि त्यात मांस, दूध, अंडी काहीच चालत नाही, त्यामुळे डाळी आणि भाज्यांचे ताट सहज मिळते. ‘इंजेरा’ आपल्या आंबोळीची मोठी, अधिक आंबट बहीण आहे. सासूबाईंनी दिलेले मेथीचे लाडू मात्र रात्रपाळीत उपयोगी पडले, आणि तिथल्या सिस्टरांनाही आवडले. कॉफी रात्री उशिरा पिऊ नये, झोप उडते. आपल्या तीन पिनांच्या प्लगसाठी अडॅप्टर न्यावा आणि मुलांसोबतचे फोटो, विशेषतः शस्त्रक्रियेआधीचे, स्वतःच्या फोनवर काढू नयेत.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी दोन वेळांचा कागद स्थानिक सिस्टरकडे दिला. तिने तो न्याहाळला, माझे आकडे खोडून आपल्या घड्याळाची वेळ वर आणि आमची खाली लिहिली, आणि छपाईला पाठवला.