चौदा दिवसांची वही आणि संत्र्याचा डोळा

नागपुरात संध्याकाळी सातनंतर कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा. पंचविशी-तिशीतली मुलं-मुली पुस्तकांच्या ढिगामागे बसलेली दिसतील. त्यांतल्या कितीतरी जणांना समोरच्या परीक्षेपेक्षा मोठा प्रश्न छळत असतो: हे सगळं मी नेमकं कशासाठी करतोय? चाळिशीतल्या नोकरदारांनाही तो पडतो, बहुतेक रविवारी रात्री. नुसता विचार करत बसलं की हा प्रश्न फुगत जातो. त्याला कागद लागतो आणि हात लागतात.

सुरुवात वहीपासून करा. शंभर पानी साधी वही पुरे. मोबाइलवर लिहू नका, कारण नोंद करायला उघडलेला मोबाइल वीस मिनिटं हातातून सुटत नाही. पानावर चार रकाने आखा: वेळ, काय केलं, कुणाच्या उपयोगी पडलं, आणि संपल्यावर पुन्हा करावंसं वाटलं का. शेवटच्या रकान्यात ०, १ किंवा २ एवढंच लिहायचं. दिवसाला सहा-सात नोंदी, सलग चौदा दिवस. म्हणजे हाताशी नव्वदेक नोंदी येतात.

नोंद काम संपल्यावर तासाभरात करायची. रात्री झोपताना सगळा दिवस एकदम लिहायला घेतला की वही बिघडते, कारण दिवसातला सगळ्यात तीव्र क्षण आणि अगदी शेवटचा प्रसंग यांचाच रंग सगळ्या दिवसाला लागतो. साहेब संध्याकाळी रागावले की सकाळचं चांगलं झालेलं कामही शून्यात जातं. दुसरी चूक मोघम लिहिण्याची. ‘ऑफिस’, ‘अभ्यास’, ‘घरकाम’ अशा नोंदींतून काहीच हाती लागत नाही. ‘तीन अर्जांतल्या चुका शोधून दुरुस्त केल्या’, ‘भाचीला अपूर्णांक समजावले’, ‘जुन्या पावत्या तारखेप्रमाणे लावल्या’ असं लिहा. आणि हा प्रयोग नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, करू नका. पारा ४५ च्या आसपास, रात्री नीट झोप नाही, अशा दिवसांत सगळ्याच कामांना शून्य पडतो आणि माणूस उगाच स्वतःबद्दल चुकीचा निष्कर्ष काढतो. पावसाळ्याचा मध्य किंवा दिवाळीनंतरचे दिवस चांगले.

पंधराव्या दिवशी २ मिळालेल्या नोंदींखाली रेघ ओढा आणि त्यांतली फक्त क्रियापदं वेगळ्या पानावर उतरवा. समजावलं, जुळवलं, दुरुस्त केलं, मोजलं, वाढवलं. आपली सवय नामांमागे धावायची असते: बँक, शिक्षण, शेती, सरकारी नोकरी. पण एकाच बँकेत दिवसभर आकडे जुळवणारा असतो आणि दिवसभर माणसांना समजावणाराही असतो. दोघांचा दिवस अगदी वेगळा जातो. तुमची क्रियापदं कोणती, हे कळलं की आहे त्याच नोकरीत काय मागून घ्यायचं तेही कळतं. कित्येकांना नोकरी सोडावीच लागत नाही.

मग तिसरा रकाना बघा, ‘कुणाच्या उपयोगी पडलं’. तो रिकामा असेल तर काम सोपं असूनही जड वाटतं. अ‍ॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणारे कर्मचारी होते. त्यांतल्या काहींची पाच मिनिटं गाठ घालून दिली ती त्या पैशांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी. महिन्याभरानंतर त्या कर्मचाऱ्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून अधिक झाला होता आणि जमलेली रक्कमही. काम तेच, पगार तोच. तेव्हा तुमचं काम जिथे पोचतं तिथल्या एका माणसाला महिन्यातून एकदा तरी भेटा. फाइल पुढे सरकवणाऱ्याने त्या फाइलमुळे ज्याची पेन्शन सुरू झाली त्याच्याशी दोन शब्द बोलावेत.

क्रियापद सापडलं, पण त्यासाठी काही नवं शिकावं लागणार असेल, तर आधी तीन शनिवार द्या. ते काम करणाऱ्या माणसाकडे जा आणि सांगा, ‘अर्धा दिवस बसू द्या, तुमचं सगळ्यात कंटाळवाणं काम मी करतो.’ ‘हे काम तुम्हाला आवडतं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलं?’ असं विचारा. कंटाळवाणा भाग तिन्ही शनिवारी निभावला तर पुढे जायला हरकत नाही. मला ही कसोटी सगळ्यात भरवशाची वाटते, कारण चमकदार भाग कोणालाही आवडतो.

शिकायला कशापासून घ्यावं? उत्तर लवकर आणि खरं देणाऱ्या गोष्टीपासून. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडकडच्या रोपवाटिकांत संत्र्याचा डोळा बांधतात, म्हणजे संत्र्याच्या काडीवरची कळी दुसऱ्या रोपावर कलम करतात, ते काम या दृष्टीने बघण्यासारखं आहे. जंभेरी किंवा रंगपूर लिंबाचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर किंवा थोडं अधिक उंचीवर सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद देतात. फार खाली बांधला तर पावसात मातीचे शिंतोडे उडून डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागायची भीती असते. मातृवृक्षाच्या, म्हणजे निवडलेल्या चांगल्या संत्र्याच्या झाडाच्या, काडीवरून दोनेक सेंटीमीटर लांबीचा डोळा सालीसकट काढून त्या छेदात सरकवायचा आणि प्लॅस्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळायची, म्हणजे आत पाणी जात नाही. साधारण तीन आठवड्यांनी पट्टी सोडली की डोळा हिरवा असतो किंवा तपकिरी झालेला असतो. यात तिसरं काही संभवत नाही.

तपकिरी झाला तर कारणं मोजकीच: चाकू बोथट होता आणि साल फाटली, काडी ओल्या पोत्यात न ठेवल्याने वाटेतच सुकली, कापलेल्या आतल्या भागाला बोट लागलं, डोळा उलटा बसला, किंवा रोपाला पाण्याचा ताण असल्याने साल सुटतच नव्हती. म्हणून शिकणाऱ्याने तीस रोपं एकाच दिवशी उरकू नयेत. दहा बांधायची, तीन आठवडे थांबायचं, किती लागले ते लिहायचं, मग एकच गोष्ट बदलून पुढची दहा. एकदम चार गोष्टी बदलल्या की सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. आणि दहातले तीनवरून सात लागले की मनात जे भरून येतं, त्यासाठी कुणाचं प्रमाणपत्र लागत नाही.

स्पर्धा परीक्षेचं दुःख नेमकं इथे आहे. उत्तर वर्षाने येतं आणि काय बदलायचं ते सांगत नाही. अभ्यास सोडा असं मी म्हणणार नाही, पण त्याच्या शेजारी तीन आठवड्यांत उत्तर देणारं एक काम ठेवाच. विणकाम, सायकल दुरुस्ती, वस्तीतल्या दोन मुलांना पाढे शिकवणं, काहीही चालेल. वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची जी कल्पना मांडली, तिच्यामागेही हाताने केलेल्या कामातून शिकण्याचाच विचार होता.

वेळ किती? आठवड्याला पाच तास, बारा आठवडे, एकूण साठ तास. एवढ्यासाठी नोकरी सोडू नका. पगार थांबला की पैशांची काळजी प्रत्येक नोंदीत शिरते आणि मग वही खरं सांगत नाही.

एक गाळणी मात्र आधीच लावून घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी याच शहरात धम्मदीक्षा घेतली. त्या धम्माच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीव आहे: पोट भरण्याचा मार्ग इतरांना इजा करणारा नसावा. जुन्या पाली ग्रंथांत शस्त्रं, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाच गोष्टींचा व्यापार उपासकाने टाळावा असं सांगितलं आहे. आजच्या कामाला हा प्रश्न विचारायचा तर असा विचारा: माझं काम उत्तम झालं, तर कुणाचं नुकसान होतं का? काही नोकऱ्यांत माणूस कामात हुशार असूनही आतून पोखरत जातो, त्याचं कारण बरेचदा या उत्तरात असतं.

चौदाही दिवस सगळीकडे शून्यच आले, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा झाल्या, झोप आणि भूक बिघडली, तर वही मिटून डॉक्टरांकडे जा. ते नैराश्याचं लक्षण असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं. बरं वाटू लागलं की वही पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करा, जुन्या नोंदी धरू नका.

बाराव्या आठवड्याच्या शेवटी दोनच गोष्टी तपासायच्या. कोणी न सांगता तुम्ही त्या पाच तासांचे सात तास केले का? आणि ज्याच्यासाठी काम करत होतात तो माणूस पुढच्या वेळी कधी येणार असं विचारतो का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर आणखी बारा आठवडे आखा. एकाचंच हो असेल तर काम तेच ठेवून माणसं बदलून पाहा, किंवा माणसं तीच ठेवून काम बदला. दोन्ही नाही असतील तर क्रियापदांच्या पानावरचं दुसरं क्रियापद घ्या आणि या शनिवारी कुणाकडे जायचं त्याला गुरुवारीच फोन करा.