सातबाऱ्यावर नावं पणजोबांची आणि सौदा एजंटचा

कोकणातल्या जमिनी बाहेरचे लोक घेऊन चाललेत हे आता दर शिमग्याला, दर गणपतीत ऐकायला मिळतं आणि त्यात खोटं काहीच नाही. राजापूर घ्या, देवगड घ्या, गुहागर, दापोली, कुठेही सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर जा, जिथे गुरं चरायची तिथे आता चिऱ्याचा गडगा, तारेचं कुंपण, लोखंडी गेट आणि आत कोणीच नाही. पण खरं सांगू का, मला त्या गेटवाल्याचा राग कमी येतो. राग येतो तो आपल्या सातबाऱ्याचा.

तुमच्या घरचा सातबारा शेवटचा कधी बघितलात? आता तर तलाठ्याकडे जायला पण लागत नाही, 15 रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा मोबाईलवर येतो. काढून बघा. कोकणात निम्म्या घरांत काय निघणार तर पणजोबांचं नाव, त्यांच्या तीन भावांची नावं, त्यातले सगळे मयत, वारस नोंद एकाच शाखेची झालेली, बाकीच्यांची नाहीच, कुणाचं नाव चुकीचं, कुणाचं आडनाव वेगळं, आणि हे सगळं मिळून क्षेत्र किती तर काही गुंठे. खरे हिस्सेदार मोजायला गेलात तर चाळीस-पन्नास माणसं निघतील, काही लालबागची आता विरारला गेलेली, काही दिव्याला, एखादा बडोद्याला, एखाद्याचा पत्ताच नाही.

मग होतं काय की जो गावात राहतो तो काही करूच शकत नाही. काजू लावायचाय, कर्ज हवंय, बँक म्हणते सगळ्यांच्या सह्या आणा. पीएम किसानचे वर्षाचे 6000 हवेत तर जमीन नावावर पाहिजे. विहिरीची योजना, फळबाग योजना, सगळीकडे तेच, संमतीपत्र आणा. महामार्गाच्या चौपदरीकरणात जमिनी गेल्या तेव्हा पण सामाईक नावांच्या भांडणात कितीतरी घरांचा मोबदला अडकून पडला. शेवटी माणूस कंटाळतो, जमीन पडीक राहते, आणि एकदा पडीक राहिली की मुंबईच्या चुलत्याला वाटायला लागतं की नाहीतरी पडूनच आहे, विकून टाकू.

आणि तिथे एजंट येतो. जो ऑनलाईन सातबारा आपण उघडत नाही तो त्याने कधीच उघडून वाचलेला असतो. कुठे किती नावं, कोण मयत, कोणाला पैशाची गरज आहे, सगळं त्याला माहीत. त्याला सगळ्यांची संमती लागत पण नाही, सामाईक जमिनीतला आपला अविभक्त हिस्सा एखादा हिस्सेदार कायद्याने विकू शकतो. एवढा एक हिस्सा घेतला की तो भावकीत शिरला, मग बाकीच्यांना म्हणतो आता माझ्याशी कोर्टात भांडणार की पैसे घेऊन मोकळे होणार. हे जास्त लागतं मनाला, की जे काम आपण तीस वर्षं केलं नाही, म्हणजे मृत्यूचे दाखले गोळा करणं, वारस लावून घेणं, विरारला जाऊन आत्याची सही आणणं, ते सगळं हा माणूस चार महिन्यांत करून दाखवतो. म्हणजे काम होण्यासारखं होतं. आपल्यासाठी कोणी केलं नाही एवढंच.

ही जमीन आपल्याकडे आली कशी ते पण आठवायला हवं. कोकणात खोत होते, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारे वतनदार. पिकवायचं कुळाने आणि न्यायचं खोताने. 1933 मध्ये अलिबागजवळ चरीला शेतकऱ्यांनी संप केला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली, आणि तो 1939 पर्यंत चालला, सहा वर्षं लोकांनी शेतं ओस ठेवली, जंगलातली लाकडं विकून पोट भरलं पण मागे हटले नाहीत. बाबासाहेबांनी 1937 ला मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक आणलं, 1938 च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. मग 1949 चा खोती निर्मूलन कायदा, 1948 चा कुळकायदा, 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, तेव्हा कुठे कसणाऱ्याचं नाव लागलं. आज सातबाऱ्यावर जे मयत पणजोबा आहेत ना, त्यांच्यातल्या कितीतरी जणांचं नाव लागलं ते या सगळ्यानंतर. एवढं मिळवलेलं नाव, आणि त्याच्याखाली आपलं लावायला आपल्याला वेळ नाही.

आता बहिणींचं बोलतो, कारण भावकीच्या गप्पांत हा विषय आला की सगळे गप्प होतात. 2005 पासून हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाएवढाच हक्क आहे, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने अजून स्पष्ट केलं की वडील 2005 ला हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हक्क जन्माने आहे. तरी आपल्याकडे पद्धत काय, बहिणीला माहेरी बोलवायचं, साडी द्यायची आणि हक्कसोड पत्रावर सही घ्यायची. नाही दिली तर "माहेर तोडलंस". बऱ्याच ठिकाणी तर वारस नोंदच यासाठी करत नाहीत की नोंद केली तर बहिणींची नावं लागतील. म्हणजे बहिणीला हिस्सा नको म्हणून सातबारा तसाच ठेवायचा आणि शेवटी तोच सातबारा एजंटच्या हातात जायचा. मला हे अजिबात पटत नाही. गावात राहून भात लावणारी, काजू गोळा करणारी, गडग्याचे पडलेले चिरे परत चढवणारी कोण असते? वहिनी, काकी, नाहीतर परत आलेली बहीण. तिचं नाव कुठेच नाही म्हणून सरकारी कागदावर ती शेतकरी पण नाही.

विकणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. आईचं ऑपरेशन असतं, पोराची फी असते, मुंबईत भाड्याच्या खोलीत आयुष्य गेलेल्या माणसाला एकरकमी पैसे दिसले तर तो काय करेल. इथे राहून पोट भरेल असं काम आपण तयार केलं नाही हे पण खरं आहे. पण सड्याची जमीन "नुसता कातळ आहे" म्हणून मातीमोल भावाने जाते तेव्हा जीव जळतो. पावसाळ्यात सड्यावर पडलेलं पाणी जांभ्यातून मुरत मुरत खालच्या वाडीच्या विहिरीला येतं, जेसीबीने सडा सपाट केला की खालचे व्हाळ, म्हणजे ओढे, आधी आटतात. याच सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं आहेत, बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी ही नावं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. नाणारच्या आणि नंतर बारसूच्या रिफायनरीच्या वेळी प्रकल्प हवा की नको यावर गावागावांत भांडणं झाली, ती बाजू आज बाजूला ठेवू, पण प्रकल्पाची चर्चा व्हायच्या आधीच जमिनी घेऊन ठेवणारे बाहेरचे लोक किती होते हे तेव्हा सगळ्यांना कळलं. कातळाची किंमत त्यांना आपल्याआधी माहीत होती.

आणि पाखाडी. कुंपण पडलं की पहिल्यांदा पाखाडी बंद होते, शाळेत जायची, देवळात जायची, स्मशानात जायची वाट. गावात म्हणतात आता काय करणार, जागा त्याची आहे. अहो, वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार कोर्ट ॲक्ट 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, फक्त अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. आपण सहा महिने कुजबुजण्यातच घालवतो.

मला विचाराल तर विकूच नका असं मी म्हणणार नाही, पण आधी भावकीत विचारा. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 मध्ये तसंच आहे, बायको, मुलं, आई अशा पहिल्या वर्गाच्या वारसांपैकी एकाला हिस्सा विकायचा असेल तर दुसऱ्याला तो घ्यायचा पहिला हक्क, आणि शेतजमिनीलाही हे लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने 2019 ला सांगितलंय. एकाला जमत नसेल तर चौघांनी मिळून घ्या. आणि भाड्याने देता येते हे आपल्या डोक्यातच येत नाही. सरकार स्वतः सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं देऊन जमीन घेतंय, दरवर्षी 3 टक्के वाढ. प्रत्येक सड्यावर सोलर लावा असं मुळीच म्हणत नाही (पाण्याचं वर लिहिलंच आहे), पण मालकी ठेवूनही जमिनीतून पैसे येतात एवढं तरी यातून दिसतं.

पण या सगळ्याच्या आधी नावं लागायला हवीत. वारस नोंदीचा अर्ज आता सरकारच्या ई-हक्क पोर्टलवर घरबसल्या होतो. सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप होतं, कोर्टाची गरज नाही. आमच्या वाडीत यावर बोलणं सुरू केलंय तर पहिल्याच दिवशी भांडण झालं, थोरल्या काकांना बहिणींची नावं नकोत, मुंबईच्या दादाला मोजणीचा खर्च कोण करणार ते आधी ठरवायचंय, एकजण तर उठूनच गेला. तरी गणपतीत सगळे घरी असतात, तेव्हा परत बसायचं ठरलंय. येताना मृत्यूचे दाखले आणि आधारच्या झेरॉक्स घेऊन या असं ग्रुपवर टाकलंय, आणि आत्यांना पण त्या ग्रुपमध्ये घेतलंय.