तवा वेगळा मिळेल का?

आमच्या घरात बाहेर जेवायला जायचं म्हटलं की आधी तव्याचा प्रश्न येतो. आईचं माहेर अक्कलकोटचं, घर लिंगायत. केकसुद्धा ती अंडं नाही ना विचारूनच खाते. आम्ही बाकीचे बाहेर सगळं खातो. साध्या हॉटेलात हे निभतं, कारण स्वयंपाकघरात काय चाललंय ते दिसत नाही. पण पुण्याहून बहीण आली आणि तिच्या पोराने हट्ट धरला तो सोलापुरात नव्याने उघडलेल्या चायनीज बार्बेक्यूचा. तिथे टेबलाच्या मधोमध शेगडी असते आणि आपलं आपण भाजून खायचं असतं. म्हणजे विस्तव एक आणि माणसं दोन तऱ्हेची.

फोन करून टेबल ठेवायला सांगितलं आणि विचारलं, ‘व्हेजसाठी जाळी वेगळी मिळेल का?’ पलीकडची मुलगी म्हणाली, ‘सर, आम्ही जाळी बदलून देतो.’ मी म्हटलं, बदलून नको, वेगळी हवी. तिला फरक कळला नाही. शेवटी ‘बघू, या तुम्ही’ यावर फोन संपला. टेबल दीड तासच मिळेल, हेही तिने सांगितलं. दीड तास पुरेल असं मला वाटलं. पुरला नाही.

सोलापुरात चायनीज म्हणजे गाडीवरचं मंचुरियन आणि ट्रिपल राइस, लाल रंग बोटाला लागेल असा. यातलं मंचुरियन मुळात मुंबईचं. कोलकात्यात वाढलेले नेल्सन वँग यांनी 1975 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं, अशी त्याची गोष्ट सांगतात. लसूण, आलं, हिरवी मिरची ही सगळी आपलीच, फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस. आपली शेजवान चटणीही चीनच्या सिचुआन प्रांताचं नाव लावते, पण तिथली खरी ओळख असलेला सिचुआन मिरा तिच्यात नसतो. त्यामुळे ‘चायनीज माहीत आहे’ या ऐटीत आत गेलो तरी मेनूकार्ड हातात आल्यावर सगळे गप्प.

कार्डात तीन देश एकत्र नांदत होते. ‘चार सिऊ’ हा कँटनचा, म्हणजे दक्षिण चीनचा पदार्थ. तिथे डुकराच्या मांसाच्या लांब पट्ट्या मध, सोया आणि पाच मसाल्यांत मुरवून बंद भट्टीत आकड्याला टांगून भाजतात. इथे तो चिकनचा होता. टेबलावर भाजण्याची पद्धत मुख्यतः कोरियन आणि जपानी लोकांची. सॅलडच्या पानात गुंडाळून खायचं तेही कोरियन. काड्यांवरचं जिरं लावलेलं मटण चीनच्या पार वायव्येचं, शिनजियांगमधलं. जिऱ्याला चिनी भाषेत ‘झिरान’ म्हणतात, तो शब्द फारसी ‘झीरा’वरून गेलेला. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘मग जिरं लावलेला मका मागव की.’

तोवर शेगडी आली होती. वेटर पोरगा आमच्याच बाजूचा असावा, कारण आईचं बहिणीशी अर्धं बोलणं कन्नडात चाललं होतं ते ऐकून तो थेट म्हणाला, ‘अव्वा, ब्यारे कोडतेन्री.’ वेगळं देतो. पाच मिनिटांत आत जाऊन त्याने टेबलावर ठेवायची छोटी कोळशाची शेगडी आणली, नवी जाळी, नवा चिमटा, आणि आईच्या पुढ्यात ठेवली. फोनवर जे मला मराठीत पटवता आलं नाही ते कन्नडात बोलावंही लागलं नाही.

आता आमच्या शेगडीची कथा. पोटात कावळे ओरडत होते म्हणून मी चिकन, कोळंबी आणि ते मधाळ चार सिऊ एकदम जाळीवर टाकलं. हीच चूक. गोड लेप साखरेचा असतो. आच जास्त असली तर आतलं मांस शिजायच्या आधी वरची साखर करपते. दोन मिनिटांत तुकडे बाहेरून काळे, कापून पाहिले तर आतून गुलाबी. धूर डोळ्यांत गेला, वरचं धुराडं खाली ओढायचं असतं हे कुणाला ठाऊक? त्या पोराने येऊन जाळी बदलली आणि क्रम सांगितला. आधी नुसतं मीठ-मसाल्याचं, मग सोयाचं, गोड लेपाचं सगळ्यात शेवटी आणि कडेला, मंद आचेवर. कच्चं टाकायचा चिमटा वेगळा, भाजलेलं उचलायचा वेगळा. जाळी खच्चून भरायची नाही, तुकडा स्वतःहून जाळी सोडेपर्यंत उलटायचा नाही. हे सगळं पहिल्याच मिनिटाला सांगितलं असतं तर आमची एक प्लेट वाचली असती. पण आम्हीही विचारलं नाहीच.

भाच्याला चॉपस्टिक जमेनात. कागदाची घट्ट घडी दोन काड्यांच्या वरच्या टोकात अडकवून त्यावर रबर बँड गुंडाळला, तर चिमट्यासारखी दाबता येऊ लागली. मी काटा मागितला, लाज नाही वाटली.

एका वाटीत लालसर टरफलांची भुकटी होती. जिभेवर ठेवली तर आधी लिंबासारखा वास, मग जीभ मुंग्या आल्यासारखी बधिर. हाच तो सिचुआन मिरा. बायको रत्नागिरीची, ती एकदम म्हणाली, ‘अगं बाई, हे तर तिरफळ!’ खरंच भाऊबंद आहेत ते, दोन्ही एकाच कुळातल्या झाडांची फळं. कोकणात बांगड्याच्या कालवणात पडतं ते इथे वाटीत दिमाखात बसलं होतं.

आईच्या बाजूला मात्र अजून एक खोडा होता. व्हेज म्हणून आलेल्या किमचीत, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या कोरियन लोणच्यात, बहुधा मासळीचा सॉस किंवा सुकट असते, आणि ‘व्हेज’ नूडल्समध्ये ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, पडू शकतो. हे बहिणीला माहीत होतं म्हणून बरं. आचाऱ्याला विचारून आणलं तर किमचीत मासळी होतीच. ती परत गेली, बदल्यात काकडीची कोशिंबीर आली. शाकाहारी माणूस घेऊन जाणार असाल तर भाजीबद्दल नाही, सॉसबद्दल विचारा.

आईने मका, मश्रूम, रताळं आणि पनीर स्वतः भाजलं, एकही तुकडा करपवला नाही. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बाईला कोळसा ओळखायला शिकवावं लागत नाही. मक्यावर जिरं-तीळ-मिरचीची भुकटी टाकून तिने चाखली, म्हणाली, ‘शेंगा घालायच्या राहिल्यात यात.’ भाचा तिच्याच शेगडीवर हात धरून बसला.

दीड तास संपला तेव्हा चार सिऊ अजून कडेला होतं. मॅनेजर दोनदा घड्याळ बघून गेला. बिल 3,860 रुपये, जीएसटी धरून, वर सेवाशुल्क लावलेलं. ते देणं आपल्या खुशीवर असतं, 2022 पासून तसे नियम आहेत, म्हणून काढायला सांगितलं. कुरकुर न करता काढलं. त्या पोराला रोख वेगळे दिले.

घरी पोचेपर्यंत कपड्यांना धुराचा वास. आईने आपलं पातळ दोरीवर टाकलं आणि भाच्याला विचारलं, ‘उद्या अंगणात मका भाजू का?’